उद्या पत्रे फोडू नका

सन्माननीय अध्यक्ष महाराज, मंचावरचे पाहुणे, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या मुख्याध्यापिका बाई, शिक्षक, पालक आणि मुलांनो,

मी शाळेचं ग्रंथालय झाडते, पुस्तकं लावते. लावता लावता वाचायला लागले, ते बाईंमुळे. "कपाट पुसतेस, तर आतलंही बघ की!" असं म्हणाल्या होत्या. त्यांच्याबद्दल पुष्कळ बोलायचं ठरवून आले. पण खरं सांगू? मघापासून खुर्चीत बसवत नव्हतं. जीव उद्याच्या सकाळीत अडकलाय.

उद्या पालक मिळून वर्गांवरचे जुने पत्रे फोडून उतरवणार, तुकडे मैदानातल्या खड्ड्यांत भरणार. जाता जाता बाईंनी नवं छप्पर बघावं, यात वाईट ते काय?

आमचे हे असेच पत्रे बसवायचे. भोक पाडलं की भुकटी फुंकरीने उडवायची, ही त्यांची सवय. मिशा पांढऱ्या करून घरी यायचे. "गिरणी काढलीत का हो?" मी विचारायची. पुढे कित्येक वर्षांनी जिना चढताना दम लागायला लागला. डॉक्टरांनी विचारलं, "विड्या किती ओढता?"

"एकही नाही. ही ओढू देतेय होय!"

"मग काम काय करता?"

यांनी हसत हसत सगळं सांगितलं. डॉक्टर हसले नाहीत. दोन पावसाळेसुद्धा निघाले नाहीत त्यानंतर.

आपण त्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो, पण त्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात. डोळ्यांना न दिसणारे. श्वासातून गेले की फुप्फुसात रुततात, आणि दुखणं वीस-तीस वर्षांनी वर येतं. धड पत्रा जागच्या जागी असेल तर धोका कमी. फोडला, कापला, कोरडा झाडला, की तंतू हवेत. काल व्यायामाचे सर म्हणाले, "काकू, रुमाल बांधू की तोंडाला!" सर, रुमालाने माशी अडते. हे नाही अडत.

बाई, तुमच्या छपराच्या आड मी कशी येईन? पत्रे उतरवाच. पण हे काम शिकलेल्या माणसांकडून, पाणी मारून, अख्खेच्या अख्खे. आणि मैदानात एक तुकडा नको. तिथे पोरं लोळतात.

अध्यक्ष महाराज, घड्याळाकडे बघताय, कळतंय मला. सगळ्यांचे मनापासून आभार. आनंदाच्या वेळी नको ते बोलले, पोटात घाला. पण उद्या कुणी हातोडा आणायचा नाही, हे जाहीर झाल्याशिवाय मी इथून हलणार नाही.

बाई, तुम्ही कशाला उठलात?

बरं. घ्या, हा माइक.