'निरोगी' लिहिलेली नळी

वहिनी, कोपरीहून आलेली सरांची भावकी, वर्तकनगरच्या या सोसायटीतले शेजारी. सरांच्या या शोकसभेत मला बोलायला जमेल असं वाटत नाही. पण न बोलता घरी गेले, तर जास्त त्रास होईल. मी सीमा. भरत सरांच्या लॅबमध्ये सात वर्षं काम करते.

मघाशी बाहेर चपला काढताना कुणीतरी हळूच म्हणालं, "लिव्हर गेलं ना? मग घेत असणार." गावच्या हळदीत सगळे पितात, तिथेसुद्धा सर दारूच्या थेंबाला शिवले नाहीत. वहिनी, तुम्हाला माहीत आहे. तरी मी त्या माणसावर चिडले नाही. कशी चिडणार? तीच चूक मी केलेली.

आमचं काम फॅटी लिव्हरवर. पेशीतला पुष्कळसा आरएनए प्रथिनं बनवतच नाही. सर म्हणायचे, "अगं, म्हणून त्याला कुणी विचारत नव्हतं. पण यकृतात चरबी किती साठणार, यात त्याचाही हात असतो." यकृत दुखावलं की त्यातला काही रक्तात उतरतो. तो आम्ही मोजतो. रुग्णांशी ताडून बघायला निरोगी माणसांचं रक्त लागतं. ते आम्ही लॅबवालेच देतो. तीन वर्षांपूर्वी सरांनीही दिलं.

सरांचा आकडा रुग्णांसारखा आला. मी काय केलं? वगळला. सर सडपातळ, न पिणारे. त्यांना कसं असेल?

त्यांनी विचारलं, "माझा का गं काढलास?"

मी म्हटलं, "रक्त फुटलं असेल, सर." रक्तपेशी फुटल्या की आकडा चुकतो.

सर हसले. "सुई घाईत टोचलीस."

पुन्हा तपासायला हवं होतं. नाही तपासलं. त्यांनीही नाही, मीही नाही. आपल्याला काही होत नाही, असं आम्हा लॅबवाल्यांना वाटतं.

तेव्हाच साधी सोनोग्राफी केली असती तर? डॉक्टर म्हणतात, सांगता येत नाही. एवढ्याने माझं समाधान होत नाही. वहिनी, तुमची माफी मागायचाही मला धीर होत नाही.

काल मी फ्रीझरमधून ती नळी काढली. वर सरांच्याच अक्षरात 'निरोगी' लिहिलंय. नळी उजेडात धरली. रक्त फुटलं असतं, तर पेशी काढून ठेवलेला आतला रक्तद्रव लालसर दिसला असता. तो स्वच्छ पिवळा होता. तो आकडा मी वहीत परत लिहिणार आहे. का वगळला, तेही लिहिणार आहे.

आता दोन मिनिटं शांत उभे राहूया. बाहेर कुणी काही बोललं असेल, तर तेवढ्या वेळात मनातून काढून टाका. मलाही माझं एक वाक्य मागे घ्यायचंय.

सर, रक्त फुटलेलं नव्हतं.