शालिनीचं दुखणं खरं होतं

बसा, सगळे बसा. मागे उभे आहेत त्यांनी पुढे सतरंजीवर या. उमरेडहून सकाळच्या बसने शालिनीच्या माहेरची मंडळी आली आहेत. माझ्या फार्मसी कॉलेजची मुलं आहेत. शेजारी आहेत.

मला वर्गात बोलता येतं. वर्गाबाहेर माझ्या वाटचंही शालिनीच बोलायची. तिचे मोठे भाऊ आत्ताच म्हणाले, "जावई, तुम्ही बसा, मी बोलतो." नको. मला सांगायचं आहे ते मलाच सांगावं लागेल.

आत्ता दोघातिघांनी म्हटलं, शालिनीने आजार धीराने सोसला, पण शेवटी ती मनाने खचली. तुमची चूक नाही. फोनवर मीच तुम्हाला तसं सांगत होतो. ते खरं नव्हतं. ती खचली नव्हती. तिला दुखत होतं.

थोडं माझ्या विषयातलं सांगू द्या. दुसरं मला येत नाही.

कॅन्सर हाडात गेला तेव्हा तिला ट्रॅमाडॉलची गोळी सुरू झाली. आपल्याला वाटतं, गोळी गिळली की गोळीच दुखणं थांबवते. तसं नाही. ते औषध यकृतात जातं. तिथलं एक एन्झाइम त्याच्या रेणूवरचा एक लहानसा तुकडा कापतं. एक कार्बन, तीन हायड्रोजन, एवढाच. त्यातून नवा रेणू तयार होतो, त्याला मेटाबोलाइट म्हणतात. मेंदूत आणि मज्जारज्जूत वेदना अडवणाऱ्या ज्या जागा असतात, तिथे हा नवा रेणू मूळ औषधापेक्षा कितीतरी घट्ट बसतो. म्हणजे दुखणं थांबवणारं मुख्य औषध शरीर स्वतः बनवतं. कापणं झालं नाही, तर गोळी पोटात जाते, पण फारसा उपयोग होत नाही.

हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढत आलो. समोर बसलेल्या मुलांनी परीक्षेत लिहिलं आहे.

पहिले काही दिवस तिला बरं वाटलं. अंगणात खुर्ची टाकून बसायची, भाजीवाल्याशी भांडायची. मग गप्प राहायला लागली. जेवेना. मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो आणि म्हणालो, हिच्या मनाला उभारी येईल असं काही लिहून द्या. त्यांनी विचारलं, दुसरं काय चालू आहे? मी म्हणालो, "ते माझ्यावर सोडा, मी बघतो." फार्मसीचा मास्तर म्हणतोय, म्हणून त्यांनी सोडलं आणि नैराश्यावरची एक गोळी लिहून दिली. कॅन्सरच्या डॉक्टरांनाही मी या गोळीचं सांगितलं नाही.

मी बघितलं नाही.

ती दुसरी गोळी त्याच एन्झाइमला जाऊन अडवते. मग पहिलीचं कापणं होत नाही. हेही मी शिकवतो. त्याच तासाला शिकवतो.

आठवड्याभरात शालिनी म्हणाली, "अहो, गोळी काही करूनच नाही राहिली."

मी म्हणालो, "औषध चांगलं आहे. धीर धर."

"औषध चांगलं असन. पण मले दुखून राहिलं न."

"मनातून काढून टाक."

तरी ती हसली. म्हणाली, "तुमची गोळी पोटात जाऊन झोपते वाटते. मी जागी, गोळी झोपलेली."

तो तिचा शेवटचा विनोद. माझी धाकटी बहीण भेटायला आली तेव्हा तिने विचारलं, "काहून रडता वं वहिनी? दादा म्हणते, एवढं दुखत नाही." बहीण इथे बसली आहे. तिला कोणी बोलू नका. ते शब्द माझे होते. त्यानंतर शालिनी माझ्याशिवाय कोणाजवळ काही बोलली नाही. उशी दातात धरायची.

शालिनी विणकराच्या घरची. तिच्या माहेरी एक रीत होती. माग चालू असताना घरातलं कोणीही "धागा तुटला" म्हणालं, की माग थांबवायचा. आधी थांबायचं, मग शोधायचं. कुठे तुटला, दाखव, असं विचारायचं नाही. माझे सासरे म्हणायचे, चारदा भास निघाला तरी पाचव्यांदा थांबायचं.

शालिनी मला दीड महिना सांगत होती. मी म्हणत होतो, दाखव.

शेवटी कॅन्सरच्या डॉक्टरबाईंनी घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगितली. त्यांनी दोन पाकिटं शेजारी शेजारी ठेवली आणि विचारलं, "सर, ही दुसरी कधीपासून?" त्यांनी मॉर्फिन सुरू केलं. त्याला ते कापणं लागत नाही. त्याच दुपारी शालिनी झोपली. चहाच्या वेळी उठली आणि मला म्हणाली, "मी खोटं नव्हती बोलत न?"

मी म्हणालो, "नाही."

एवढंच म्हणालो. ती दुसरी गोळी मी आणली होती, हे सांगितलं नाही. उद्या सांगू म्हटलं. रोज उद्या म्हटलं. बारा दिवस होते माझ्याकडे. बारा दिवसांत एक वाक्य बोलता येऊ नये?

सोमवारी मला तोच तास आहे. तो रेणू फळ्यावर कसा काढायचा, मला कळत नाही. घरी गेल्यावर काय करायचं, तेही कळत नाही. माझी समजूत घालू नका. कॅन्सरने ती जाणारच होती, असं तर मुळीच म्हणू नका. जाणारच होती. पण ते दिवस तिचे होते. फक्त तिच्याबद्दल मी तुमच्या मनात जे भरवलं, ते काढून टाका. शालिनी नाटक करत नव्हती. ती कमजोर नव्हती.

आता सगळे उठा. दोन मिनिटं कोणी काही बोलू नका, काही करू नका. नुसते थांबा.

शालिनी, तू म्हणालीस तेव्हाच थांबायला हवं होतं.