शनिवारचं पाकीट

(अमेरिकेतलं एक गाव. शनिवारची सकाळ. म्हातारे रॉइटमन मास्तर वाचत बसलेत. शेजारच्या लव्हिनियाबाई दारात.)

लव्हिनिया : राज्याच्या शिक्षण खात्याचं ते पत्र, मास्तर. महिना झाला. अजून उत्तर दिलं नाहीत ना?

रॉइटमन : लिहिलंय. म्हणजे... अकरा वेळा लिहिलं.

लव्हिनिया : एका ओळीचं उत्तर! 'शाळेत बंद केलेला इतिहास चर्चच्या तळघरात कोण शिकवतं?' मी लिहिलं, 'मी.' संपलं.

रॉइटमन : माझा 'मी' आधी फार उद्धट वाटला. मग फारच मवाळ.

लव्हिनिया : आज शेवटची तारीख. अकराला टपाल उचलतात. मग यादीत मी एकटीच.

रॉइटमन : यादीत नाव देऊन आम्हा ज्यूंचं कधी भलं झालं नाही हो. लिथुआनियात आजोबांनी दिलं होतं. नाझींनी विचारलं, म्हणून दिलं.

लव्हिनिया : आम्हा काळ्यांची नावं तर न विचारताच घालतात. गुलामगिरीचा धडा मी घेते, आजोबांचा तुम्ही. एकटीचा वर्ग बंद करायला त्यांना एक शिपाई पुरेल.

रॉइटमन : आणि दोघांचा?

लव्हिनिया : दोन लागतील. तेवढाच त्यांना ताप.

रॉइटमन : पण काल सूर्य मावळला, शब्बाथ लागला, आमचा विसाव्याचा दिवस. कामाला हात लावायचा नाही. आज मला पाकीट रस्त्यावर नेता येत नाही.

लव्हिनिया : वा! देवानंही तुमची भीड बघून सोय केलीय. मग मला सांगा, मी टाकते.

रॉइटमन : सांगताही येत नाही. काम सांगणं म्हणजे केल्यासारखंच.

लव्हिनिया : ठाऊक आहे. माझी आई तुमच्याकडे कामाला होती. तुमची आई नुसतं म्हणायची, 'आज अंधार लवकर पडला.' की आमची आई दिवा लावायची.

रॉइटमन : ...लव्हिनियाबाई.

लव्हिनिया : बोला.

रॉइटमन : ते पाकीट... महिनाभर कोंडून पडलंय बिचारं.

लव्हिनिया : अगं बाई! चिकटवलंय? तिकीट?

रॉइटमन : काल, मेणबत्त्या लावायच्या आधी. तिकिटं तीन लावलीत. एक पुरेल की नाही, खात्री नव्हती.

लव्हिनिया : आणा इकडे... नको, घेते मीच. आणि तुम्ही टोपी कशाला घालताय?

रॉइटमन : न्यायला बंदी आहे. सोबत चालायला नाही.

लव्हिनिया : चला तर. कोपऱ्यापर्यंतच तर जायचंय... ही आली पेटी. टाकू? नाही, सांगू नका! ...गेलं बघा. टोपी कानांवर का ओढताय?

रॉइटमन : थंडी आहे जरा.

लव्हिनिया : जूनमध्ये?

रॉइटमन : तुमचा हात धरू का, घरापर्यंत?

लव्हिनिया : हे मात्र स्पष्ट विचारलंत. धरा.