झाकणाचा आवाज

मल्हारी : घ्या वहिनी, उघडून तर बघा. सहादूचा लायटर व्हता असं सांगून कुणाला पटायचं नाय आता. आतून पत्र्याचं अस्तर दिलंय, झाकणाला चामड्याची पट्टी. कमरेला खोचून त्र्यंबकपोतर चालत जा, चिमूटभर तपकीर सांडली तर मल्हारीचं नाव बदला.

लताबाई : मल्हारीभाऊ, ही आमचीच ना?

मल्हारी : मग? हा चेपलेला कोपरा बघा की. सायकलवरून पडला व्हता तवाचा हाय. ठोकून सरळ केला असता, पण म्हटलं असू दे, त्याची खूण हाय.

लताबाई : मग वाजत का नाही?

मल्हारी : काय?

लताबाई : झाकण. लावताना खट् व्हायचं. आता नुसतं टेकतंय.

मल्हारी : अवो, वाजायला तो काय आता लायटर हाय? तपकिरीची डबी हाय ती. डबी गच्च बसली पायजे. हवा शिरली की तपकीर सादळती. गंगाघाटावरनं म्हातारे येतात माझ्याकडं डब्या करून घ्यायला. आता प्लास्टिकचे लायटर निघालेत, सरला की फेकला. हे जुने कोण दुरुस्त करतंय? म्हणून म्या हा धंदा काढला.

लताबाई : ते चामडं काढा बरं जरा.

मल्हारी : काढतो. पण त्यानं काय व्हतंय... हं, घ्या.

लताबाई : नाही वाजत.

मल्हारी : नायच वाजायचं. आवाज झाकणात नसतो, वहिनी. आतल्या मशिनीला एक स्प्रिंगची पट्टी असती. ती झाकणाला ढुशी देती, तवा खट् व्हतं. अन् मशीन काढल्याबिगर तपकिरीला जागा कुठून व्हणार?

लताबाई : मला वाटलं, झाकणाचाच आवाज असतो तो.

मल्हारी : समद्यांना तसंच वाटतं.

लताबाई : मग ती मशीन द्या मला. तुमच्याकडेच असेल ना?

मल्हारी : ती... पितळ हाय ना ते. साठलं की तांबट आळीला देतो. परवाच दिलं. आतापोतर त्याचं भांडं झालं असल. पण वहिनी, आवाजापायी यवढं तोंड का उतरलं तुमचं?

लताबाई : आत्याबाईंना दिसत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. हे अंबडहून सेकंड शिफ्ट करून यायचे, तेव्हा हाक नाही मारायचे. दारात उभं राहून झाकण वाजवायचे. खट्, खट्. मग आत्याबाई म्हणायच्या, "आला गं. आता कडी लाव." तोवर कडीला हात लावू द्यायच्या नाहीत.

मल्हारी : अन् आता?

लताबाई : आताही नाही लावू देत. त्यांचा डोळा लागला की मी गुपचूप लावते. ट्रकनं ह्यांना उडवलं त्या दिवशी दवाखान्यातून कपड्यांबरोबर हा लायटर दिला होता. तेव्हापासून सारखा त्यांच्या हातात. उघडायचा, लावायचा. मागल्या आठवड्यात अंगठा चाकावर पडला आणि वात पेटली. पदरानं पेट घेतला, भाऊ. मी चुलीपाशी होते म्हणून निभावलं.

मल्हारी : अरारा!

लताबाई : मीच म्हटलं, तपकिरीची डबी करून आणते, म्हणजे हातातही राहील आणि जाळायचीही नाही. द्यायलाच तयार नव्हत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "त्याचा आवाज जायला नको." मी म्हटलं, नाही जाणार. शब्द दिला मी त्यांना.

मल्हारी : मग मला का नाय सांगितलं? ती पट्टी तेवढी कापून बाजूला रिव्हेट मारली असती. जागाबी गेली नसती, आवाजबी राहिला असता. घटकाभराचं काम व्हतं!

लताबाई : तुमच्यासमोर गिऱ्हाइकं उभी होती. परक्या माणसांसमोर कसं म्हणू, नवरा गेला, त्याचा आवाज तेवढा राहू द्या?

मल्हारी : ...मला तरी सुचायला पायजे व्हतं. लायटरचा खडा बदलायला यायचा तो, ते चौकापासनंच वाजवत यायचा. मी मान वर न करता म्हणायचो, आला सहादू. अन् म्याच ते मशीन भंगारात टाकलं. लय वाईट झालं हो माझ्या हातनं. थांबा, जाऊ नका. ही घड्याळाची स्प्रिंग हाय, हिचा तुकडा बसवून बघतो... ऐका.

लताबाई : हे चट् वाजलं.

मल्हारी : जरा वाकवतो. आता?

लताबाई : नाही, भाऊ.

मल्हारी : मग हा दुसरा लायटर ऐका. ह्याची पट्टी काढून—

लताबाई : राहू द्या. सायकलच्या चेनच्या आवाजावरून माणूस ओळखतात त्या. त्यांना काय फसवायचं? आणि आपण तरी कशाला फसवायचं? ते चामडं परत लावून द्या. तपकीर तरी सांडायला नको.

मल्हारी : मी येतो संगं. सहादूच्या आईच्या, आक्काबाईच्या पाया पडतो, सांगतो की चूक माझी हाय.

लताबाई : तुम्ही कशाला? शब्द मी दिला होता. येते. जय भीम.

मल्हारी : जय भीम, वहिनी.

(घरी, दिवेलागणीला. दार उघडंच आहे.)

आक्काबाई : आणलीस व्हय गं? दे हिकडं. हां... ह्यो त्याचा चेपका कोपरा.

लताबाई : तपकीर भरूनच आणलीय, आत्याबाई. घ्या ना चिमूटभर.

आक्काबाई : घेते. जरा दम खा... लता, ही लागली का नाय नीट?

लताबाई : लागली.

आक्काबाई : मग पुन्यांदा लावू दे मला. गप ऱ्हा जरा... माझ्या कानालाच काय झालंय का?

लताबाई : तुमच्या कानाला काही झालं नाही. आवाज गेला, आत्याबाई. तो आतल्या मशिनीत होता, मला ठाऊकच नव्हतं. मी मल्हारीभाऊंना सांगितलं नाही आणि त्यांनी ती काढून टाकली.

आक्काबाई : परत नाय का बसवता येत?

लताबाई : नाही.

आक्काबाई : कायबी करून?

लताबाई : काहीही करून नाही. त्यांनी पुष्कळ खटपट केली. मी शब्द दिला होता तुम्हाला, आणि...

आक्काबाई : रडू नको. ये, हितं बस. डबी चांगली केलीया मल्हारीनं. हाताला गुळगुळीत लागती.

लताबाई : भाकरी टाकायच्यात अजून.

आक्काबाई : मग जा, टाक. अन् लता...

लताबाई : काय, आत्याबाई?

आक्काबाई : जाता जाता दाराला कडी लाव.