भिंतीवरची सोनाबाई

...नाही, मला एक सांगा, बावीस वर्षं दूध मोजणाऱ्या माणसाला कुणी विचारावं का, "सदूकाका, म्हैस म्हणजे नेमकं काय?" अहो, बाहेर बांधलीय, शेपटी हलवतेय, बघून घ्या की! पण नाही. लिहून द्या म्हणे. व्याख्या! म्हशीची!

तुम्हाला सांगतो, झालं काय, आमची कडावची दूध सोसायटी, एक लोधिवलीची, एक भिवपुरीकडची, या तिघींचा संगणक एक करायचं ठरलं. आता संगणक एक तर शब्दही एक पाहिजेत, म्हणून पुण्याहून एक मुलगी आली, सुप्रिया नावाची, हुशार, पाठीवर बॅग, हातात पिवळ्या चिठ्ठ्यांचा हा एवढा गठ्ठा. आल्या आल्या ऑफिसातली भिंत रिकामी करायला लावली. पेंडीच्या कंपनीचं कॅलेंडर उतरवलं, देवाचा फोटो तेवढा राहू दिला, आणि म्हणाली, "काका, आपल्या धंद्यातली एकेक गोष्ट एकेका चिठ्ठीवर. चिठ्ठीपासून चिठ्ठीला लाल दोरा, म्हणजे कुणाचं कुणाशी काय नातं ते कळेल. तिन्ही सोसायट्यांचा मिळून एकच नकाशा. आणि लक्षात ठेवा, भिंतीवर नाही, ते डेअरीत नाही!"

मी म्हटलं, बरं.

तीन दिवस, महाराज! एका 'फेरी'वर अख्खी सकाळ गेली. आमच्याकडे फेरी टेंपोची, लोधिवलीवाले सकाळच्या दुधालाच पहिली फेरी म्हणतात, आणि भिवपुरीकडचा साईराज म्हणतो, "आमच्यात फेरी नसतेच, आमच्यात गाडी येते." मग जनावर. रेडकू मोजायचं की नाही? आमचे चेअरमन आबाजी, वय शहात्तर, आवाज पंचविशीतला, टेबलावर हात आपटून म्हणाले, "अगं पोरी, रेडकू आज रेडकू हाय, उद्या म्हस हाय! ते आज खोडून उद्या परत लिवनार का?" ती शांतपणे म्हणाली, "हो." आबाजी खाली बसले. बावीस वर्षांत मी त्यांना एवढ्या लवकर बसलेलं पाहिलं नव्हतं.

शेवटी एक ओळ जमली. सभासद, दोरा, 'पाळतो', म्हैस. म्हैस, दोरा, 'देते', दूध. म्हशीच्या कानात बिल्ला, बिल्ल्यावर नंबर, नंबर सभासदाच्या नावावर. नावावर म्हैस नसेल तर संगणक दूध घेणार नाही, आणि सहा महिने दूध घातलं नाही की सभासदाचं नाव कमी. "यात काही अपवाद?" सुप्रियाने विचारलं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पंख्याकडे.

कारण सोनाबाई!

आता सोनाबाई कोण, तर सोसायटी सुरू झाली तेव्हा पहिल्या अकरा जणांनी दूध घातलं, त्यातली ती एक. दहा गेले. ही आहे. तीन वर्षांपूर्वी म्हैस मेली, नवी घ्यायचं वय नाही, घरात दुसरं माणूस नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला बाई घासलेली किटली घेऊन रांगेत हजर! रिकामी किटली. पुढं आवडी उभी होती, तिनं आपल्या कॅनमधलं एक माप किटलीत ओतलं. मग नीलेशनं एक. सोनाबाईनं ते दूध आपल्या नावावर घातलं आणि घरी गेली. तेव्हापासून पाळी लागलीय. ठराव नाही, सही नाही, कुणी कुणाला काही सांगितलंही नाही. बरं, बाई गप्प घेईल तर शपथ! किटलीत बघून नाक मुरडते, "नीलेश, किती पातळ रं दूध तुझ्या म्हशीचं! चारतोस काय, वर्तमानपत्र?"

पण ती रांग म्हणजेच तिचा दिवस हो. तेवढ्यात चार माणसांशी भांडण होतं, तेच तिला दिवसभर पुरतं. आणि आता? भिंतीवर नाही, ते डेअरीत नाही! मला रात्री जेवण गेलं नाही, खरंच सांगतो.

तर चौथ्या दिवशी सुप्रिया स्वतः पहाटे रांग बघायला आली. आली ती थेट सोनाबाईपाशीच.

"आजी, तुमची म्हैस कोणती?"

"काल आवडीची व्हती. आज नीलेशची हाय."

"म्हणजे... रोज मालकी बदलते?"

"नाय गं! म्हस त्यांचीच. दूध माजं."

"तुमचं कसं?"

"माज्या किटलीत हाय ना!"

सुप्रियाच्या हातातलं पेन खाली पडलं. मी उचलून दिलं. मला वाटलं, संपलं. पण पोरगी मनाची चांगली, तुम्हाला सांगतो. नाव खोडलं नाही, सोनाबाईला ऑफिसात आणलं आणि दिवसभर तिच्यासाठी चिठ्ठी शोधत बसली. 'लाभार्थी' लिहिलं. सोनाबाई म्हणाली, "मी काय रेशनच्या रांगेत हाय?" फाडली. 'मानद सभासद' लिहिलं. आबाजीच म्हणाले, "मानद म्हंजे फोटोला हार घालायच्या आदलं पद." सोनाबाईनं त्यांच्याकडे असं बघितलं, की तीही फाडली. टेंपो जायची वेळ झाली, लोधिवलीवाले चुळबुळ करायला लागले, तेव्हा कंटाळून तिनं शेवटच्या चिठ्ठीवर नुसतं लिहिलं, 'सोनाबाई'. ठोकली भिंतीवर. सभासद, म्हैस, दूध, फेरी आणि सोनाबाई! खाली व्याख्या, "म्हैस नाही, पण दूध घालते."

मग लोधिवलीचा माणूस हळूच म्हणतो, "आमच्यात पन दोन सोनाबाई हायेत. एक बाप्या हाय." साईराज म्हणाला, "आमच्यात तीन."

अहो, म्हशीवर तीन दिवस भांडलो, फेरीवर अजून अबोला आहे, आणि या एका शब्दावर तिन्ही सोसायट्या अर्ध्या मिनिटात एक! कुणी विचारलंसुद्धा नाही, म्हणजे काय! माझे डोळे भरून आले. बोला, चिठ्ठी बघून!

इथं संपायला हवं होतं. पण संपतं कुठं?

संगणक आला. पहिल्या दिवशी सोनाबाई पुढं. मी म्हटलं, "आजी, तुमच्यासाठी हे खास बटण. 'सोनाबाई'."

"ती मी हायेच. तू सभासद दाब."

"अहो, त्याला नावावर म्हैस लागते!"

"मग लाव की! अकरा जनांतली मी, आन् मला येगळी रांग? सदू, तुला लहानपनी माजंच दूध पाजलंय तुज्या आईनं, इसरलास?"

मागं चाळीस माणसं, कॅन खडखडतायत, आबाजी खाकरतायत... काय करणार? लावली. कुणाची लावणार? दुसऱ्याच्या म्हशीला हात लावायचा मला काय अधिकार? माझीच लावली, एकुलती एक. नंबरासकट.

तर आज परिस्थिती अशी आहे बघा. माझ्या गोठ्यातली म्हैस सोनाबाईच्या नावावर आहे. चारा माझा, शेण मी काढतो, धार माझी बायको काढते, आणि दूध घालते ती, सभासद म्हणून, ताठ मानेनं. आणि माझ्या नावावर म्हैस नाही. बावीस वर्षं डेअरीत, आणि भिंतीवर माझी चिठ्ठी कुठली, तर ती एकच. कडावला सोनाबाई एकच आहे, आणि ती मी!

रोज पहाटे साडेपाचला मी रिकामी किटली घेऊन उभा राहतो. खरी सोनाबाई पुढं असते. माझ्याच म्हशीच्या दुधातलं एक माप माझ्या किटलीत ओतते, आत वाकून बघते, नाक मुरडते आणि म्हणते, "पातळ हाय रं सदू... पन भागव आता."