दिवा काढलेली फटफटी

वसंताच्या फटफटीला दिवा का नव्हता, ते तुम्हाला आज सांगूनच टाकतो. देहूरोडला लिलावात घेतलेली जुनी लष्करी गाडी, चिखलादगडांतून पळणारी. एका रविवारी या गड्यानं गाडीची वीज तयार करणारा मॅग्नेटो उघडला आणि दिव्याच्या कॉइल काढून टाकल्या. ठिणगीची तेवढी ठेवली.

मी म्हटलं, "अरे, अंधारात काय करशील?"

"इंजिनावरचा भार कमी होतो. आता बेडशाचा चढ कशी चढते बघ."

बेडशाला त्याची सासुरवाडी. बायको पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी गेलेली. मग काय, दर शनिवारी हा तिकडे. दिवस मावळला की डोकं खाजवत सासऱ्यांना म्हणणार, "आबा, गाडीला दिवा न्हाई. आता राहावंच लागंल." गावात कुजबुज सुरू झाली, जावई हितंच राहतोय का म्हणून.

एका शनिवारी त्यानं मलाही मागे बसवून नेलं. चहा झाला, अंधारून आलं, वसंताचा हात डोकं खाजवायला वर गेला. तो तोंड उघडायच्या आत सासऱ्यांनी कंदील आणला.

"जावईबापू, ह्यो हँडलला अडकवा आन सावकाश जावा."

वसंताचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात दाराआडून त्याची बायको म्हणाली, "आबा, त्यात घासलेट न्हाई."

आबांनी कंदील कानाशी धरून हलवला. आतलं घासलेट डुचमळलेलं मलासुद्धा ऐकू आलं. त्यांनी लेकीकडं बघितलं, कंदील खुंटीला टांगला आणि म्हणाले,

"व्हय की. पार कोरडा हाय."