तेवीस कोरडे दिवस

न्हाई, तिथं नका बसू, कूलरम्होरली जागा त्याची हाय. इकडं खाटंवर बसा. भेऊ नका, चावत न्हाई, नुसता हुंगतो. डोळं तसलंच हायेत त्याचं, एक निळा, एक तपकिरी — आमच्या वडगावातल्या बाया म्हनायच्या, सारजाबाई, कुत्र्याला मोतीबिंदू झालाय. मोतीबिंदू कसला, हस्कीचं पिल्लूच तसलं आसतं. तर तुम्ही माझ्या विश्वजीतच्या कंपनीतलं. आन् घर दौंडला, अंगण मोठं हाय — सांगितलं त्यानं फोनवर. म्हनला, आई, तुझा ताप कमी करतो, आमचा मित्र येऊन हिमूला घेऊन जाईल. ताप म्हनला.

पानी घ्या, माठातलं हाय. घाई न्हाई ना? मग सांगते, नेणार तर म्हाईत पायजे. हे आणलं माझ्या नातीसाठी, वैष्णवीसाठी. सणसवाडीत फ्लॅट त्यांचा. ती शाळंत, तेजश्री — सून माझी — बँकेत, विश्वजीत ड्युटीवर, दिसभर पिल्लू एकलं. काय करणार ते? घरभर मुतायचं, सोफा फाडला. वैतागून हितं आणून सोडलं, बाहेर जायला शिकला की नेऊ म्हनले. पोरगी पार गाडीत बसंस्तवर रडत हुती. आजी, त्याला मारू नको म्हनली. आन् मी मारला. खोटं कशाला बोलू, पयल्या आठवड्यात पेपरची गुंडाळी करून दोनदा हाणला. तर मुतायचं थांबला न्हाई, माझ्याम्होरं मुतायचं थांबला. धान्याच्या कोठीमागं लपून करायचा. तवा शिरूरचा जनावरांचा डॉक्टर म्हनला, मावशी, त्याला चूक कळत न्हाई, तुमची भीती तेवढी कळती. खाल्लं की बाहेर न्ह्या, झोपून उठला की बाहेर न्ह्या, जागा एकच ठिवा, आन् केलं की लगीच शाबासकी.

मग लागले मागं. त्या शेवग्याखाली न्ह्यायचं, कर बाळा म्हनायचं आन् उभं ऱ्हायचं. कवा कवा आर्धा तास — ह्यो हुंगतोय, मी उभी. केलं की उकडलेल्या अंड्याचा तुकडा. ह्या घरात अंडं कवा शिजलं नव्हतं हो. माळकरी हुते आमचे हे, तो फोटो त्यांचा. फोटोकडं पाठ करून सोलते. हे जाऊन तीन वर्सं झाली. मी मग सकाळी कवा उठायची ते इचारू नका. शेत पुतण्या बघतो, बन्सी. दूध रतिबाचं. उठून करायचं काय? एकदाच भाकरी थापायची, तीच दोन्ही टायमाला. दिस दिस कुनाशी बोलणं न्हाई — एकदा शेजारच्या अनसाबाईनं भाजीचं इचारलं तर माझा आवाजच फुटंना, घसा खाकरावा लागला. आता दिस उगवायच्या आधी ह्यो दाराला पंजा लावतो. चला म्हंतो. तेवीस दिस झाले, घरात एक थेंब न्हाई.

आं? — व्हय, तेवीस. विश्वजीतनं तुम्हाला सांगितलं आसंल, शिकतच न्हाई म्हून. मीच सांगत हुते तसं. आधी फोन पंधरा दिसांनी यायचा, आता रोज संध्याकाळी येतो, वैष्णवीला हिमू बघायचा आसतो. शिकला का आजी? म्हंती. मी म्हंते, न्हाई बाई, आज बी कोठीमागं केलं. शिकला म्हनले आसते तर रविवारी येऊन घेऊन गेली आसती की. मला वाटलं, जातील आजून दोन महिने. विश्वजीतला वाटलं, आई दमली. म्हून तुम्हाला धाडलं.

वैष्णवीला ठावं हाय का हो, तुम्ही नेणार म्हून? — न्हाई. मला वाटलंच. परीक्षा झाली की सांगणार आसंल पोरीला.

थांबा, ते बघा, दारात जाऊन बसला. येतेच त्याला घेऊन.

— बघितलं न्हवं? आपल्या आपण गेला, करून आला. आता तुम्ही कंपनीत जाऊन काय सांगाल? — न्हाई, तुम्ही नका सांगू. तो फोन द्या इकडं, चष्म्याशेजारचा. हितं तिचा फोटो दाबला की लागतो.

वैष्णवी? आजी बोलती. बरी हाय गं. ऐक, हिमू शिकला... व्हय, पुरता शिकला, दारात जाऊन बसतो... आज न्हाई, तेवीस दिस झाले... आजी खोटं बोलली हुती... का म्हंजी — उगंच. बोलली. बाबाला सांग, रविवारी घ्यायला या. आता सुट्टी लागल तुला, दिसभर तूच बघ त्याला. आन् मारायचं न्हाई कुनी... रडू नको. ठिवते.

तुमचा खेटा फुकट गेला. घरी पोरं वाट बघत आसतील, त्यांना काय सांगायचं ते बघा बाबा, माझ्यावर ढकला सगळं. च्या टाकणार हुते — न्हाई, ऱ्हाऊ द्या आता. आन् विश्वजीत भेटला तर पिल्लाचं तेवढं बोला. बाकीचं मी काय काय बोलले, ते नका सांगू. उगं आपलं, माणूस आलं म्हून बोलत बसले.

जावा तुम्ही. जाताना फाटक वढून घ्या.